खालची कड

एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
मुलांना एकच गोष्ट सांगत आले:
डोळा पातळीत आणा,
आणि वाकलेल्या रेषेची खालची कड वाचा.
आता बाथरूमच्या दिव्याखाली
मी माझीच बाटली वाचते.
काखेतून निघालेली नळी,
गाउनला सेफ्टी पिनने अडकवलेली,
तिच्या टोकाशी मी, थेंब थेंब.

सोमवार, एकशे चाळीस. रंग कोकमाचा.
मंगळवार, एकशे दहा.
बुधवारी दिगंबरने वाचलं, वरची कड धरून.
मी खोडून पुन्हा लिहिलं.
सलग दोन दिवस तीसच्या खाली आलं की नळी काढू,
डॉक्टर म्हणाले.
शेवटी शेवटी थेंब फार हळू सोडायचे असतात,
हे मला कुणी सांगायला नको.

दवाखान्यातून धनकवडीला येताना
सातारा रस्त्यावरचे गतिरोधक मोजले. अकरा.
रिक्षावाल्याला काही सांगितलं नव्हतं,
पण छातीशी धरलेली उशी त्याला आरशात दिसली असणार.
चौथ्यानंतर तो रिक्षा अशी चालवू लागला
जणू मागे अंड्यांचे ट्रे आहेत.
उतरताना म्हणाला, माझ्या आईचं झालंय.
आई कशी आहे, ते विचारायचं राहिलं.

सिस्टर विचारायची, शून्य ते दहात किती?
कशाचे दहा? एकक काय?
टाक्यांचं दुखणं वेगळं, ते ओढतं.
काखेतलं दोरीसारखं, कोपरापर्यंत ताणलेलं.
दंडाची मागची बाजू तर माझी नाहीच,
बसमध्ये शेजारणीचा हात लागावा तशी.
आणि रात्री अडीचला
जे नाही तिथे खाज सुटते.
नेमकी, बोट ठेवून दाखवता येईल अशी,
फक्त बोट ठेवायला जागा नाही.
दिगंबर उठतो, गोळीची वेळ झाली का बघतो,
काही सुचत नाही म्हणून माझी उशी खाजवतो.
आम्ही हसतो. मग मी टाके धरून म्हणते, पुरे,
हसण्याचा आकडा फार वर जातो.

नणंद आली, डिंकाचे लाडू घेऊन.
बोलताना सारखी माझ्या कपाळाकडे बघत होती,
नजर खाली घसरू नये म्हणून.
निघताना म्हणाली, या वयात काय करायचंय त्याचं.
मी लाडू खाल्ला.
चांगला होता.

फिजिओथेरपीची तहसीन म्हणते, भिंतीवर बोटं चालवा,
मुंगीसारखी. दुखेपर्यंत नाही,
दुखायच्या जरा अलीकडेपर्यंत.
ती अलीकडची जागा शोधण्यात सकाळ जाते.
फ्रिजशेजारच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा, तारखेसकट.
नवव्या दिवसाची खूण आठव्याच्या खाली.
तीही ठेवली. वाईट रीडिंग फेकायचं नसतं.

डाव्या हाताला आता सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही,
बांगडी नाही, भाजीची पिशवी नाही.
निवृत्त साहेबासारखा नुसता मांडीवर बसून असतो,
आणि उजवा कुरकुरत कुकरचं झाकण लावतो.

ब्लाउजमध्ये घालायला मऊ सुती पिशवी शिवली,
आत मोहरी.
किती भरायची? दुसरी बाजू
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवता येत नाही.
आयुष्यात पहिल्यांदा अंदाजाने भरली.
वाकले की आत बारीक सळसळते,
डब्यात कुणीतरी हात घातल्यासारखी.
दिगंबरला ऐकू येत नाही म्हणतो.

अठ्ठावीस. सव्वीस.
नळी निघाली तेव्हा आतून साप सरकल्यासारखं झालं,
मग काहीच नाही.

आंघोळीची परवानगी मिळाली, त्या दिवशी
आरशावरची वाफ पुसली.
इतके दिवस ड्रेसिंगवाल्या मुलीच्या चेहऱ्यावरूनच बघत होते.
तिरकी रेघ, काखेकडे जराशी चढलेली,
टोकाला कातडी चुणलेली, घाईत घातलेल्या टिपेसारखी.
मी गुडघे वाकवले,
डोळा तिच्या पातळीत आणला.
वरची कड कुठली, खालची कुठली,
कळेना.

बाहेरून दिगंबर म्हणाला, किती?
साडेतीन, म्हटलं.
साडे कशाला?
टॉवेल दे आधी.